या आठवड्यात वांगी

सोमवारी सकाळी मोजली: एकवीस.
मोजायची सवय सुटत नाही.
एकतीस वर्षं वाडीच्या फॅक्टरीत
पितळी नळ्यांना गेज लावत होतो.
केसभर फरक निघाला
की लाल शिक्का, आणि बाजूच्या खोक्यात.
घरी यायचो तर आंघोळ करूनही
हाताला पितळेचा वास.

आता घरामागच्या बारा बाय वीसमध्ये
एकही वांगं दुसऱ्यासारखं नाही.
एक वाकडं, दोन जुळी,
एकाला तर चक्क नाक फुटलंय,
आमच्या फोरमनसारखं.

संध्याकाळी ड्यूटीला निघताना
शकुन म्हणाली, तोंडात पिना धरून,
"तुम्ही उगवलं, तुम्हीच शिजवा.
मेडिकलमध्ये रात्रभर उभी राहाते मी.
फ्रिजमध्ये अंड्याला जागा नाही राह्यली."

वाटून झालं होतंच.
मेश्रामांकडे दोनदा.
डहाके वहिनी पिशवी दिसली
की फोन कानाला लावतात.
इस्त्रीवाल्यानं हात जोडले,
"काका, आमच्या घरीबी निघून राह्यले ना वांगे."

तर मग फोनवर शकुन,
वॉर्डातून, दबक्या आवाजात:
"तेल तापू द्या. मोहरी तडतडू द्या.
काहून इतकी घाई करता,
रिटायर झालात ना?"
मागून कुणीतरी "सिस्टर" म्हणतं, फोन कटतो,
आणि ओट्यावर मी
आणि सारखे दिसणारे सहा डबे.

भरीत मात्र गॅसवर नाही केलं.
अंगणात दोन विटा, मध्ये तुराट्या,
ठिणगी उडून बनियनला भोक.
साल काढताना बोटं पोळली.
आत तो धुराचा मऊ गर,
कांद्याची पात, मिरची, मूठभर सांबार,
वरून जवसाचं कच्चं तेल.
मीठ विसरलो.
सकाळी आली शकुन, मोजेसुद्धा न काढता
भाकरीसोबत जेवली,
"मीठ वरून घेता येतं," म्हणाली,
आणि ताट घेऊनच पेंगली.

मग भेदरं.
एका रात्रीत तडकली, पाणी जास्त झालं असेल.
लोखंडी तव्यावर लसूण, तीच फुटकी भेदरं,
पळीनं दाबत राहायचं
आवाज बदलेपर्यंत.
हे कुणी सांगितलं नाही. आवाज मला कळतो.
लेथचाही कळायचा.

पालक फुलावर गेला होता, तोही डाळभाजीत गेला.
जरा कडू. चिंच वाढवली.

एक वांगं चिरलं तर आत अळी,
गोरीपान, अपमान झाल्यासारखी आखडलेली.
तिच्याकडची बाजू कापून
तिच्यासकट झाडाखाली ठेवली,
उरलेलं कढईत.
हे कुठल्या रजिस्टरात लिहितात
मला माहीत नाही.

निखाडे नावाचा पोरगा होता टर्निंगला,
नवीन लग्न झालेला.
एकदा सगळा लॉट घेऊन उभा राहिला समोर,
"साहेब, केसभरच आहे. जाऊ द्या ना."
मी शिक्का मारला.
शिक्का बरोबर होता. आजही मारीन.
पण त्याचा तो चेहरा
बरोबर कांदा परततानाच येतो,
आणि शकुननं बजावलेलं,
"लालसर झाला की काढा,"
ते राहून जातं.
कांदा करपतो.

करपलेला कांदा टाकला नाही.
झुणक्यात घातला.
शकुनला वाटलं मुद्दाम केलंय,
"आज काही वेगळं लागून राह्यलं," म्हणाली,
आणि मी गप्प राहिलो, आयुष्यात पहिल्यांदा
एक नापास माल
सरळ पुढे जाऊ दिला.

रविवारी पुन्हा मोजली.
सव्वीस.
अजून सांगितलं नाही तिला.
कुंपणावर पोपटाच्या शेंगाही
भरत आल्यात.